एकाकी दाखला

'दुखापत' या शब्दाची व्याख्या ताईंनी लिहिली त्याला एकोणीस वर्षं झाली होती आणि त्या ती पार विसरूनही गेल्या होत्या. शब्दकोशाच्या कार्यालयात एकतीस वर्षं काढलेल्या बाईनं व्याख्या लिहिल्या तरी किती असतील? साताठ हजार तर नक्कीच. लक्षात राहतात त्या फसलेल्या. 'दुखापत' फसलेली नव्हती. उलट त्या दिवशी ती त्यांना फार छान साधली होती.

कार्यालय म्हणजे एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. तीन खोल्या, भिंतींना लागून लाकडी कपाटं, कपाटांत लांबट खण आणि खणांत चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्यात आला ते वाक्य, ते कुणी कुठं म्हटलं वा छापलं त्याची नोंद. चिठ्ठ्या जमवणारे बाहेर गावोगावी होते. ताईंचं काम त्या टेबलावर पसरून अर्थ वेगळे करायचे आणि प्रत्येक अर्थाची व्याख्या दीड ओळीत बसवायची. दीड ओळीचा नियम मुख्य संपादकांचा. ते बुटके होते, अंगानं बारीक होते आणि त्यांचं टेबल एका चौथऱ्यावर होतं, म्हणून सगळं कार्यालय त्यांना पाठीमागं 'अनुस्वार' म्हणायचं. ठिपक्याएवढा, पण सगळ्यांच्या डोक्यावर.

तिसरा खंड छापायला जायचा होता आणि 'द' काही केल्या संपत नव्हता. ताईंनी 'दुखापत'पुढं 'शरीरास झालेली इजा, त्रास' असं लिहून पाठवलं. अनुस्वारांनी कागद परत धाडला. "हे दुखण्यालाही लागू पडतं. दोन्ही सोडवा. जागा वाढवू नका."

ताईंनी अर्धा तास पेन्सिल चावली आणि मग सगळी ओळच नव्यानं मांडली : 'मार, आघात, अपघात इत्यादींमुळे शरीरास बाहेरून झालेली इजा.' आतून येतं ते दुखणं, बाहेरून होते ती दुखापत. सगळी गाठ 'बाहेरून' या एका शब्दानं सुटली होती. अनुस्वार कागदाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "वा! सुटलं." त्यांच्या तोंडून 'वा' वर्षातून एकदा निघायचं. ताई त्या दिवशी घरी चालत गेल्या, बसनं गेल्या नाहीत, इतक्या त्या खुशीत होत्या.

त्यांना एकच भाऊ. नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई पंधरा. वेणीफणी करून शाळेत जायच्या आधी त्याला खाऊ घालायचं, आल्यावर त्याचा अभ्यास घ्यायचा. अभ्यासात त्याचं डोकं कधी लागलं नाही. "पुस्तक उघडलं की मला झोप येते, ताई, माझा काय दोष?" असं म्हणायचा. सगळे त्याला 'धाकटा' म्हणायचे. अठराव्या वर्षी फरशीच्या कारखान्यात पॉलिशला लागला, तिथंही धाकटाच राहिला. डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी.

पुस्तकाचं वावडं, पण शब्दांची मात्र त्याला भारी हौस. ताईंनी एकदा त्याला कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला होता. रविवारी आला की दारातूनच ओरडायचा, "ताई, आज एक आणलाय!" आणि शर्टाच्या खिशातून घडी पडलेली चिठ्ठी काढायचा. अक्षर कोंबडीचे पाय. 'मुकी फरशी' : जिच्यावर टिचकी मारली तर नाद येत नाही, म्हणजे आत तडा आहे. 'आंधळी फरशी' : कितीही घासा, जिला चकाकी येत नाही. 'पीठ' : घासताना उडते ती बारीक पांढरी धूळ. 'मुका' या शब्दाचा चौथा अर्थ म्हणून त्याची फरशी खरोखरच कोशात छापून आली, तेव्हा तो अडीच किलोचा खंड पिशवीत घालून कारखान्यात घेऊन गेला आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवत फिरला. "बघा, आपलं बोलणं छापून आलं!"

"मुकीच फरशी घेतली होय रे," कुणीतरी म्हणालं. "बोलणारी घेतली असती तर मालकाला चार गोष्टी सुनावल्या असत्या."

असे दिवस होते ते.

एकोणपन्नासाव्या वर्षी धाकट्याला जिना चढवेना. आधी दोन मजले चढून थांबायचा, मग एक, मग सहा पायऱ्या. ताईंच्या दारात येऊन उभा राहिला की पहिली पाच मिनिटं बोलायचाच नाही, हातानं 'थांब' अशी खूण करायचा. खोकला तर घरचाच झाला होता. भावजयीनं ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढं धरला आणि विचारलं, "काम काय करता?"

"फरशी घासतो."

"किती वर्षं?"

"एकतीस."

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. मग भावजयीला बाहेर बोलावून म्हणाले, की फुप्फुसात दगडाची धूळ बसली आहे, ती निघत नाही, औषधानं फक्त श्वास जरा सुसह्य होईल. पुढं नळी लागेल, यंत्र लागेल, अंथरुणाला खिळावं लागेल.

कारखान्याच्या नियमांच्या पुस्तकात याबद्दल दोनच वाक्यं होती. कामगाराला कामावर दुखापत झाली तर उपचार कारखान्याचे आणि घरी बसूनही पगार, जन्मभर. आजार झाला तर तीन महिने रजा आणि मग निरोप. दुखापत कशाला म्हणायचं आणि आजार कशाला, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. कारखान्यानं धाकट्याला पत्र पाठवलं : आपण आजारी असल्याचे समजले, तीन महिन्यांची रजा मंजूर.

"मी आजारी आहे होय?" धाकटा पत्र हातात घेऊन म्हणाला. "आजारी माणूस घरात पडून आजारी पडतो. मला तिथं लागलंय, ताई."

युनियननं दावा लावला. वकीलबाई तरुण होत्या, हुशार होत्या आणि अजून एकही मोठा दावा हरलेल्या नव्हत्या. धाकट्याच्या मागं आणखी अकराजण खोकत उभे होते. याचं जे होईल ते त्यांचं होणार होतं. दोन महिन्यांनी कारखान्याचं उत्तर आलं. ते वाचायला वकीलबाई धाकट्याच्या घरी आल्या. खोलीत धाकटा खाटेवर उशांना टेकून, भावजय ओट्यापाशी, ताई खुर्चीवर.

"त्यांनी शब्दकोश पुढं केलाय," वकीलबाई म्हणाल्या. "नियमात व्याख्या नाही, तर मान्यताप्राप्त कोशातली धरावी, असं म्हणतात. आणि कोर्ट ते धरेलही. ऐका. तिसरा खंड, पान आठशे बारा. 'दुखापत : मार, आघात, अपघात इत्यादींमुळे शरीरास बाहेरून झालेली इजा.' म्हणजे, त्यांचं म्हणणं, धूळ आत गेली, त्रास आत झाला, बाहेरून काहीच नाही. म्हणून हा आजार. सगळा दावा त्यांनी 'बाहेरून' या एका शब्दावर उभा केलाय."

ताईंनी कप खाली ठेवला.

"ही व्याख्या माझी आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? तुमच्या कार्यालयाची."

"नाही. माझी. 'बाहेरून' मी घातलं. माझ्या हातानं."

ओट्यापाशी भावजयीनं नळ बंद केला. आणि मग धाकट्याला हसू आलं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी, आणि श्वास जरा हाताशी आल्यावर तो म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! ताई, ही म्हण घेतलीस ना कोशात?"

"घेतलीय," ताई म्हणाल्या.

भावजय हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी 'द'चा खण उपसला. 'दुखापत'च्या त्रेचाळीस चिठ्ठ्या होत्या. पाय मोडलेले, डोकी फुटलेली, खेळात गुडघे सोललेले, सगळं बाहेरून. खणाच्या तळाशी सुतळीनं बांधलेला नाकारलेल्या चिठ्ठ्यांचा वेगळा गठ्ठा होता. नाकारलेलं फेकायचं नाही, असाही एक नियम होता. ताईंनी सुतळी सोडली. सातवी चिठ्ठी त्यांनी वेगळी काढली.

अक्षर कोंबडीचे पाय. 'दुखापत : पिठानं छातीला हळूहळू होणारी. दादाला सात वर्षांत दुखापत झाली, आता जिना चढवत नाही.' खाली पॉलिश खातं, तारीख. आणि चिठ्ठीवर आडवा लाल पेन्सिलीचा शेरा, ताईंच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात : 'एकाकी दाखला. वगळा.'

हा शेरा त्यांना आठवेना. कितीही आठवून पाहिलं तरी ती दुपार, ती चिठ्ठी, लाल पेन्सिल धरलेला तो हात, काहीच डोळ्यांपुढं येईना. भावाचं अक्षर ओळखलं नसेल असं नाही. ओळखलं असणारच. पण नियम होता : एकट्या माणसाच्या एका वाक्यावर अर्थ उभा करायचा नाही, किमान तीन दाखले हवेत, तेही वेगवेगळ्या तोंडचे. भाऊ म्हणून सवलत द्यायची नाही. तेव्हा त्यांना आपल्या त्या कडकपणाचा अभिमानच वाटला असेल.

चिठ्ठी घेऊन त्या चौथऱ्यापाशी गेल्या. अनुस्वार आता फार थकले होते; निवृत्तीला सहा महिने राहिले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, शेरा वाचला, चष्मा काढला.

"मला कार्यालयाचं पत्र हवंय," ताई म्हणाल्या. "की ही व्याख्या अपुरी आहे."

"कोशात चुका असतात, ताई. पण कोश चुकीचा आहे असं पत्र कोशानं कधी द्यायचं नसतं. उद्या प्रत्येक दाव्यात लोक रांग लावतील. आणि वरचे लोक आपल्याला बंद करायला निमित्तच शोधतायत."

"लोक शब्द कसा वापरतात ते आपण सांगतो. कसा वापरावा ते नाही. हे तुम्हीच शिकवलंत."

"हो."

"मग वापरणाऱ्याचा कागद मी बाजूला टाकला."

"नियमानं टाकला," अनुस्वार हळूच म्हणाले. "मीही टाकला असता. तेच तर वाईट आहे." त्यांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी परत दिली. "साक्ष द्यायला जा. मी अडवणार नाही. पण जे खणात आहे तेवढंच सांगा."

तीन दाखले हवेत, तर तीन मिळवू, असं ताईंनी ठरवलं. आठ दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत त्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या, वही घेऊन. कामगार पांढरे होऊन बाहेर यायचे, भुवयांवर पीठ, कानांत पीठ. धाकट्याची बहीण म्हणून ओळखायचे, हसायचे, पण वही बघितली की त्यांना घाई व्हायची. फाटकावरचा पहारेकरी लांबून बघत असायचा. नऊजण बोलले. त्यांतल्या सातजणांनी ठासून सांगितलं, "हो हो, आम्ही दुखापतच म्हणतो." ताईंनी विचारलं, "कधीपासून?" तर म्हणाले, "वकीलबाईंनी सांगितल्यापासून." आठवा नुसताच मान डोलवत राहिला.

नववा म्हातारा होता, दोन महिन्यांत कामावरून सुटणारा. तो म्हणाला, "खोटं कशाला सांगू, बाई? दुखापत हा कागदावरचा शब्द. आम्ही 'लागलं' म्हणतो. याला पीठ लागलं, त्याला पीठ लागलं. झालं."

"आणि 'दुखापत' कुणीच म्हणत नसे?"

म्हाताऱ्यानं आठवून पाहिलं. "एक होता. जरा शिकलेला. पण तो गेला."

ताई तिथून थेट धाकट्याकडं गेल्या. आता त्याला नळी लागली होती. यंत्र खाटेखाली घुरघुरत होतं.

"धाकट्या, एक खरं सांग. ती चिठ्ठी तू दिलीस ना, दुखापतीची... सगळे म्हणायचे तसं?"

त्यानं नाकाशी नळी नीट केली. "दादा म्हणायचा. माझ्या शेजारच्या मशीनवरचा. एकटाच. 'ही दुखापत आहे रे, आजार नव्हे,' म्हणायचा. मला शब्द आवडला. म्हटलं, ताईला देऊ."

"दादा कुठं आहे आता?"

"कुठं असणार? पिठानंच गेला. तू चिठ्ठी वगळलीस ना, त्याच वर्षी."

म्हणजे शेरा बरोबर होता. ताई जिना उतरताना कठड्याला धरून थांबल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपण चुकलो, आणि चूक दुरुस्त करता येते. चूक झालीच नव्हती. दाखला खरोखरच एकाकी होता.

कोर्टाची खोली लहान होती आणि पंखा मोठा. कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकानं काहीतरी वर ठेवलेलं. धाकट्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं, मांडीवर छोटं यंत्र. मागच्या बाकावर ते अकराजण, आळीपाळीनं खोकत. वकीलबाईंनी ताईंना सगळं नीट विचारलं : किती वर्षं काम, व्याख्या कशी करतात, चिठ्ठी कुठं सापडली. चिठ्ठी न्यायाधीशांच्या हातात गेली. त्यांनी ती उजेडाकडं धरून वाचली. वकीलबाईंच्या चेहऱ्यावर आशा दिसत होती. ताईंना ती बघवेना.

मग कारखान्याचे वकील उठले. आवाज मऊ, वागणं सभ्य.

"ही चिठ्ठी कुणाच्या हातची?"

"माझ्या भावाच्या."

"म्हणजे अर्जदाराच्या."

"हो."

"आणि नाकारली कुणी?"

"मी."

"तेव्हा भाऊ आजारी होता?"

"नाही."

"म्हणजे कसलाही दबाव नसताना, शांतपणे, तुमच्या शास्त्राला धरून नाकारली. का?"

"एकच दाखला होता."

"किती लागतात?"

"तीन."

"तुम्ही अलीकडं कारखान्याच्या फाटकावर जाऊन आलात, असं ऐकतो. काही मिळालं?"

वही ताईंच्या पिशवीत होती. सात वाक्यं होती तिच्यात, सात नावं. वकीलबाई त्यांच्याकडं डोळे लावून बसल्या होत्या. त्यांना वहीचं माहीत होतं. धाकटा मात्र खाली यंत्राकडं बघत होता.

"गरज पडल्यावर गोळा केलेला दाखला आम्ही धरत नाही," ताई म्हणाल्या.

"मग धरण्याजोगे आज किती?"

"एकच."

"शेवटचा प्रश्न. आज तुमच्यापुढं हीच चिठ्ठी नव्यानं आली, कुणा अनोळखी माणसाची, तर व्याख्या बदलाल?"

पंखा फिरत होता. मागं कुणाला तरी उबळ आली आणि ती थांबेपर्यंत सगळी खोली थांबली.

"एका चिठ्ठीवर बदलता येणार नाही," त्या म्हणाल्या. आणि मग एकदम, न विचारता, "पण धूळ बाहेरूनच येते ना, साहेब? माणसाच्या आत काय ती उगवते?"

"तो प्रश्न तुम्हाला विचारलेला नाही," न्यायाधीश म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुम्ही कोशाच्या तज्ज्ञ म्हणून आला आहात. बसा."

निकाल तीन आठवड्यांनी लागला. सहा पानांचा होता आणि त्यात ताईंची स्तुती होती : साक्षीदार बाईंनी नात्यापेक्षा सत्य मोठे मानले, हे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. दावा फेटाळला. वरच्या कोर्टात जायला वर्ष-दीड वर्ष लागलं असतं. धाकट्याजवळ तेवढा वेळ नव्हता आणि अकराजणांजवळ तेवढं बळ नव्हतं. वकीलबाई ताईंशी दोन वाक्यं बोलल्या. "तुम्ही वही काढली असतीत, तर निदान त्यांना ती खोडून काढावी लागली असती. तेवढा तरी वेळ मिळाला असता." मग त्या गेल्या.

भावजय ताईंशी बोलायची बंद झाली. भांडली नाही, दार अडवलं नाही. ताई आल्या की पाण्याचा पेला आणून ठेवायची आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहायची. खाटेजवळ भाऊ-बहीण आणि यंत्र.

एका दुपारी धाकटा जरा बरा होता. ताईंनी त्याचे केस विंचरले, लहानपणी विंचरायच्या तसेच, पाण्याचा हात लावून. तो डोळे मिटून होता. मग म्हणाला, "ताई, रागावू नकोस. विचारू?"

"विचार की."

"एकदा खोटं बोलली असतीस... तर काय बिघडलं असतं गं?"

त्याच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. शाळेत असताना 'हे गणित असंच का?' म्हणून विचारायचा, तसं विचारलं त्यानं. त्यांनी कंगवा बाजूला ठेवला. त्या बोलतील म्हणून तो थोडा वेळ थांबला, मग श्वासाच्याच कामाला लागला. ते काम आता त्याला दिवसभर पुरत होतं.

सतरा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास तो गेला. ताई कार्यालयात होत्या. निरोप आला तेव्हा त्यांच्यापुढं 'सोसणे' हा शब्द होता.

अनुस्वार निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. चौथरा तसाच रिकामा राहिला, नंतर त्यावर खोकी रचली गेली. तीन खोल्यांतली एक काढून घेतली. चिठ्ठ्या मात्र सवयीनं येत राहिल्या. वृत्तपत्रं आणि सरकारी कागद वाचून दाखले काढणारा एक निवृत्त मास्तर होता, त्यानं एके दिवशी जो गठ्ठा पाठवला त्यात 'दुखापत'ची एक नवी चिठ्ठी होती. वाक्य निकालपत्रातलं होतं : 'दुखापत म्हणजे बाहेरून झालेली इजा, हाच या शब्दाचा रूढ अर्थ होय.' कोर्टानं कोशातून घेतलं होतं, आता कोशानं कोर्टातून घ्यायचं. दाखला नियमात बसत होता. छापील, तारीखवार, त्रयस्थ. मास्तरला काही ठाऊक नव्हतं. ताईंनी ती चिठ्ठी खणात लावली. त्रेचाळीसाच्या चव्वेचाळीस झाल्या.

धाकट्याची चिठ्ठी कोर्टाच्या कागदांत गेली ती परत आलीच नाही. ताईंनी दोनदा अर्ज केला. दुसऱ्यांदा कारकुनानं विचारलं, "मौल्यवान होती का?" त्या "नाही" म्हणाल्या.

त्यानंतर एका रविवारी दुपारी ताईंच्या दारात दोन बायका आल्या. धाकट्याच्या मागच्या अकरांतल्या दोघांच्या. एक थोराड, दुसरी अगदी तरुण, कडेवर मूल. थोरलीनं पिशवीतून कारखान्याचा छापील अर्ज काढला.

"तुमचं अक्षर चांगलं, म्हणून आलो," ती म्हणाली. "आणि शब्दांतलं तुम्हाला कळतं."

ताईंनी चटई घातली, पाणी दिलं, पेन शोधलं. अर्जावर एक रकाना होता : रजेचे कारण.

"दुखापत लिहून बघू या का एकदा?" तरुण बाई म्हणाली.

"नाही चालायचं."

"लिहून तर बघा. पैसे थोडेच पडतायत?"

"अर्ज परत येईल. मग आजाराची रजाही लांबेल."

थोरलीनं तिच्या हातावर हात ठेवला. "लिहा ताई, जे चालतं ते."

ताईंनी वळणदार अक्षरात लिहिलं : आजार. पुढचा रकाना होता : केव्हापासून.

"केव्हापासून लिहू?" त्यांनी थोरलीला विचारलं.

ती विचारात पडली. बोटांवर काहीतरी मोजलं, सोडून दिलं. "खोकला तसा पहिल्यापासूनच. आमचं लग्न झालं तेव्हाही होताच. हे कामाला लागले तेव्हापासून लिहा. बावीस वर्षं."

"तसं लिहिलं तर," ताई सावकाश म्हणाल्या, "रजेचे तीन महिने तेव्हाच संपले, असं म्हणतील."

"मग?"

"अलीकडची तारीख लागते."

मूल चटईची काडी ओढत होतं. शेवटी थोरली म्हणाली, "मग मागचा सोमवार लिहा."

ताईंनी मागचा सोमवार लिहिला आणि दुसरा अर्ज पुढं ओढला.